ईएसएल घ्यावं, नाकारावं, की द्विभाषिक वर्ग मागावा?

अमेरिकेत शाळाप्रवेशाच्या वेळी घरी बोलायच्या भाषेचा फॉर्म भरावा लागतो. तिथे 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजी चाचणी होते आणि पुष्कळदा ईएसएलची, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीच्या खास इंग्रजी तासांची, शिफारस घरी येते. पुण्या-नाशिकच्या इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाच्या आईवडिलांना ती मनाला लागते. पण ही मदत मुलाचा हक्क आहे. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या 'लाऊ विरुद्ध निकोल्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की सगळ्यांना सारखीच पुस्तकं आणि शिक्षक दिल्याने समान वागणूक होत नाही.

ईएसएल नाकारता येतं. मात्र त्याने फक्त तास जातात, 'इंग्रजी शिकणारं मूल' हा शाळेच्या नोंदीतला शिक्का राहतो. दरवर्षीची इंग्रजी चाचणी (टेक्सासात टेल्पास, कॅलिफोर्नियात एल्पॅक) द्यावीच लागते. म्हणून केवळ शिक्का नको म्हणून नाकारण्यात मला तोटाच दिसतो. गणित-विज्ञानाच्या तासाला मुलाला उठवून नेत असतील तर तक्रार रास्त आहे, पण तेव्हाही आधी वेळ बदलून मागा. सोबत १९८१ च्या 'कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड' निकालातले तीन प्रश्न विचारा: पद्धत तज्ज्ञांना मान्य आहे का? ती राबवायला शिक्षक आणि साधनं आहेत का? मुलं खरंच शिकतायत का? तिसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊ नका, प्रगती कागदावर मागा.

द्विभाषिक वर्गाची, म्हणजे इंग्रजीसोबत दुसऱ्या भाषेतूनही शिकवणाऱ्या वर्गाची, गोष्ट वेगळी. घरच्या भाषेतूनच शिकवा, असं केंद्रीय कायदा सांगत नाही. काही राज्यं सांगतात. टेक्सासात शाळांच्या डिस्ट्रिक्टमधल्या (एका प्रशासनाखालच्या सगळ्या शाळांमधल्या) एका इयत्तेत एकाच भाषेची, इंग्रजी शिकणारी २० मुलं असली की असा कार्यक्रम द्यावा लागतो. मराठीची एवढी मुलं क्वचितच जमतात. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये मतदानाने असे वर्ग जवळपास बंद केले होते, २०१६ मध्ये पुन्हा मोकळे केले. तरी हाताशी येतो तो बहुधा स्पॅनिश-इंग्रजी वर्ग. इंग्रजी कच्चं असलेल्या मोठ्या मुलावर एकदम दोन नव्या भाषा मी घालणार नाही. बालवाडीतल्या, इंग्रजी बऱ्यापैकी कळणाऱ्या मुलासाठी मात्र जरूर विचार करा. मराठीसाठी बृहन्महाराष्ट्र मंडळाची (तिकडच्या मराठी मंडळांच्या संघटनेची) शाळा जवळ आहे का, तेही बघा.

आणि घरात कुणाला इंग्रजी अवघड जात असेल तर मीटिंगला शाळेकडून मोफत दुभाषा मागा. ते काम मुलाकडून करून घेऊ नका.