झाडकामाचा धंदा बसला: पूर्ण बंद करावा, की लहान करून ठेवावा?

सांगलीत विश्रामबाग ते मिरज या पट्ट्यात मी सहा वर्षं झाडांची छाटणी आणि तोड करायचा धंदा केला. शेवटी शेवटी माझ्याकडे दोन पेट्रोल करवती, एक पिकअप, फांद्यांचा भुगा करणारा चिपर आणि चार माणसं होती. मग तो बसला. आठ महिने सगळं बंद ठेवून मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी केली. त्यानंतर एका करवतीवर, दोघांत, पुन्हा काम धरलं. दोन्ही दिवस पाहिलेत, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो. धंदा बुडायला लागल्यावर सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण वही उघडून शेजारी बसणारा कुणी मिळत नाही.

आधी एक गोष्ट. तुम्ही कोणत्या महिन्यात ठरवता, यावर फार अवलंबून आहे. आपल्या कामाला मार्चअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा एवढाच खरा हंगाम. वळवाचं वारं सुटलं, कुणाच्या कंपाउंडवर गुलमोहर आडवा झाला, की फोन थांबत नाही. तेव्हा वाटतं, चाललंय की, एवढं वर्ष काढू. मग ऑगस्ट येतो. करवत भिंतीला टांगलेली असते, माणसं दुसऱ्या कामाला गेलेली असतात आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला दारात उभा. मी दोन वर्षं मे महिन्याची वही बघून निर्णय पुढे ढकलला. तुम्ही बारा महिन्यांची वही उघडा. माझा गाडी आणि चिपर मिळून हप्ता 22,000 होता, म्हणजे वर्षाला 2,64,000. मजुरी, पेट्रोल, साखळ्या आणि घरखर्च भागवून एवढे पैसे अडीच-तीन महिन्यांत सुटायला हवे होते. ते कधीच सुटले नाहीत.

नक्की काय बसलं, ते आधी बघा

चिपर घेताना माझा हिशेब असा होता: फांद्या टाकायला जायचा खर्च वाचेल आणि भुगा द्राक्षबागांना आच्छादन म्हणून विकता येईल. तासगावकडच्या एका बागायतदारानं माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, पाचट फुकट मिळतंय, तुमचा भुगा इकत कोण घेणार?" उसाच्या मुलखात हा प्रश्न मी यंत्र घ्यायच्या आधी विचारायला हवा होता.

दुसरी गळती खेड्यातल्या कामांत होती. "लाकूड तुम्हीच न्या, मग मजुरी कसली?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. निलगिरी असेल तर एक वेळ ठीक. पण गुलमोहराच्या लाकडाला वखारीत काय भाव येतो? दोन दिवस चौघं राबायचे आणि वाहतूक जाऊन हातात काही उरायचं नाही.

याउलट शहरातली अवघड छाटणी शेवटपर्यंत पैसे देत राहिली. घरावर झुकलेली फांदी दोरानं तोलून तुकड्यातुकड्यानं उतरवायची, खालच्या पत्र्याला ओरखडा न येऊ देता, हे ज्याला येतं त्याला लोक पैसे देतात. म्हणजे बसलं होतं ते यंत्राचं कर्ज आणि फुकटची तोड. हात बसला नव्हता. तुमच्या वहीतही अशा दोन बाजू वेगळ्या काढा. तोटा यंत्रामुळे असेल तर लहान करण्यात अर्थ आहे. मजुरीच मिळत नसेल, किंवा कंबर, खांदा, गुडघा साथ देत नसेल, तर लहान करूनही तोटाच होईल, फक्त छोटा.

नोकरी आणि लहान धंदा, शेजारी शेजारी

नोकरीतला पगार माझ्या मे महिन्याच्या कमाईपुढे अगदीच किरकोळ होता. पण तो ऑगस्टमध्येही आला. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असलेल्या कारखान्यात महिना 21,000 पर्यंत पगार असेल तर घरच्यांसकट उपचाराची सोय होते. झाडावर चढणाऱ्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. धंद्यात तुम्ही पडलात तर तुमचं तुम्ही, आणि माणूस पडला तर भरपाईची जबाबदारी तुमची. नोकरीत जड गेलं ते एकच: दिवसभर छताखाली राहणं आणि कुणीतरी वेळ लावून काम मोजणं. पहिले दोन महिने मला ते फार लागलं.

लहान धंदा म्हणजे माझ्या बाबतीत एक करवत, दोर, हेल्मेट आणि एक जोडीदार. गाडी खेपेवर भाड्यानं घेतो आणि फांद्या उचलायचे पैसे मालकाला आधीच वेगळे सांगतो. हप्ता नाही, म्हणून रिकामा आठवडा आता घाबरवत नाही. पण मोठं काम सोडावं लागतं. क्रेन लागेल असं झाड आलं की मी दुसऱ्या ठेकेदाराचा नंबर देतो आणि त्याच्याकडे रोजावर जातो. पूर्वी हे मला कमीपणाचं वाटलं असतं.

पावसाळ्यानंतरची पोकळी भरायला आपल्याकडे द्राक्षबागा आहेत. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ भागात वर्षातून दोन छाटण्या होतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. एप्रिलची छाटणी आपल्या हंगामातच येते, ती सोडून द्या. ऑक्टोबरची मात्र नेमकी रिकाम्या दिवसांत येते आणि टोळ्या एकरावर काम घेतात. झाड छाटता येतं म्हणून वेल छाटता येईल असं समजू नका. काडीवर किती डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, ठेवायचे यावर शेतकऱ्याचं सगळं वर्ष अवलंबून असतं. पहिला हंगाम दुसऱ्याच्या टोळीत साधा मजूर म्हणून जा.

साताऱ्याकडच्यांसाठी हिशेब थोडा वेगळा आहे. महाबळेश्वर-पाचगणीचा भाग 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे तोडीवर धंदा उभा करता येणार नाही, छाटणीवर आणि वाऱ्यानं पडलेल्या झाडांवरच भागवावं लागेल. परवानगीचं तर सगळीकडेच आहे. शहरात 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो, तर शहराबाहेर ठरावीक जातींच्या झाडांना 1964 चा वृक्षतोड कायदा. अर्ज मालकाच्या नावानं होऊ द्या आणि परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय करवत सुरू करू नका. पैशांची ओढ असताना माणूस इथेच घसरतो.

कर्ज: कुणाचं आधी?

मी चुकलो ते इथे. ज्याचा फोन जास्त कडक, त्याला आधी पैसे देत गेलो. खरं तर आधी बघायचं असतं की कुठल्या कर्जाला जामीनदार आहे. माझ्या पतसंस्थेच्या कर्जाला मेहुणा जामीन होता. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला निघाला की वसुली त्याच्यावरही येते. मेहुण्याला नोटीस गेली तेव्हा त्याला माझ्या तोंडून काहीच कळलेलं नव्हतं. पैशांपेक्षा ते त्याला जास्त लागलं, आणि बरोबरच होतं. तुम्ही कुठलीही वाट धरा, जामीनदाराच्या घरी नोटिशीच्या आधी जाऊन या.

व्यापारी बँकेचं कर्ज असेल तर हप्ता 90 दिवस थकायच्या आत शाखेत लेखी अर्ज द्या. त्यानंतर खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, जातं आणि बोलणं अवघड होतं. लहान उद्योगांचं खातं अडचणीत आलं तर हप्ते पुन्हा बांधून द्यायची पद्धत केंद्र सरकारनं 2015 साली घालून दिली आहे. 10 लाखांपर्यंतच्या कर्जाचा विचार शाखा व्यवस्थापकाच्या पातळीवरच होतो. धंदा लहान करून चालू ठेवणाऱ्याला ही वाट बरी. बंद करणाऱ्याला तडजोड सुचवली जाते, म्हणजे एकरकमी कमी पैसे भरून खातं मिटवायचं. लोकअदालतीतही ते होतं. पण सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढे कर्ज मागताना तो आडवा येतो. पाच वर्षांत घर बांधायचं किंवा मुलांच्या शिक्षणाला कर्ज घ्यायचं मनात असेल, तर नोकरीच्या पगारातून हळूहळू पूर्ण फेडलेलं बरं, असं माझं मत आहे.

गाडी ओढून नेईपर्यंत थांबू नका. लिलावात येईल ती किंमत, आणि उरलेली बाकी तुमच्याच डोक्यावर. मी पिकअपला स्वतः गिऱ्हाईक आणलं. त्यानं पैसे थेट कर्जखात्यात भरले, मग ना हरकत दाखला आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत बोजा उतरवला. चिपर मात्र जवळजवळ निम्म्यावर गेला. ते सोसावं लागलं.

तारण म्हणून सही करून दिलेले कोरे चेक कुणाकडे आहेत, त्याची यादी करा. चेक न वटल्यावर नोटीस आली तर ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर कलम 138 ची केस उभी राहते. विनापरवाना सावकाराचं घेतलं असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, त्यासाठी 2014 चा कायदा आहे. आणि तुमचे पैसे कुणाकडे अडकले असतील, आणि तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) काम करण्याआधीची असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. 45 दिवसांनंतर व्याजासह मागता येतात. धंदा बंद केला म्हणून ती येणी सोडून देऊ नका. जीएसटी क्रमांक असेल तर तो रद्द करून तीन महिन्यांत शेवटचं विवरण भरा, नाहीतर बंद धंद्यावरही दंड साचत जातो.

घरात आणि मनात

पिकअप विकायच्या आदल्या दिवशी मी दारावरचं नाव खरवडून काढलं. अक्षरं गेली, पण उन्हानं रंग उडाल्यामुळे त्यांची सावली तशीच राहिली. आमची धाकटी जवळ येऊन ती बोटानं गिरवत बसली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढच्या बऱ्याच रात्रीही. मी मिरज रस्त्यानं जायचं टाळायचो, कारण तिथली निम्मी झाडं माझ्या हाताखालून गेलेली. चहाच्या टपरीवर कुणी "काय, सध्या काम?" म्हटलं की छातीत धस्स व्हायचं.

या बाबतीत नोकरी मला तारून गेली. सकाळी सातला कुठेतरी हजर व्हायचं आहे, एवढ्यानंच माणूस अंथरुणातून उठतो. धंदा चालू ठेवून तो लहान करणाऱ्याला हा आधार नाही. रिकामे दिवस एकट्याचे असतात. तुम्ही ती वाट घेणार असाल तर हिशेबाची वही बायकोसमोर उघडी ठेवा, म्हणजे आकडा एकट्याला वाहावा लागत नाही. माझ्या बायकोला कर्जाचा खरा आकडा कळला तेव्हा ती रडली नाही, तिनं पेन मागितलं. आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं असेल तर आजच 14416 वर फोन करा. टेली-मानसची ती सरकारी सेवा मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. मी उशिरा बोललो. तुम्ही तेवढं थांबू नका.

मी कुणाला काय सांगेन

हप्ता थकलेला, जामीनदार घरातला आणि हंगामाला सहा महिन्यांहून जास्त अवकाश असेल, तर बंद करा आणि पगाराचं काम धरा. कर्ज फक्त यंत्रावर असून ते विकल्यावर खातं जवळपास मिटत असेल, गुडघे शाबूत असतील, शहरातली चार-पाच कायमची गिऱ्हाइकं असतील, तर लहान करा. दोन्हींच्या मध्ये अडकला असाल तर मी केलं तसं करा: आधी नोकरी, मग मार्चमध्ये पुन्हा विचार. त्यासाठी सगळं विकलं तरी एक करवत आणि दोर ठेवा. करवत ठेवताना टाकीतलं पेट्रोल काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटरमध्ये तेल-पेट्रोल चिकटून बसणार नाही. साखळी सैल करून तिला तेल लावा. दोर उंदरांपासून दूर, कोरड्या जागी टांगा.