दूध कुठं घालायचं: संस्था, कंपनी की रतीब?

सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरी या पट्ट्यात पाच-दहा संकरित गायी सांभाळणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. गावातली सहकारी संस्था, खासगी डेअरीचं संकलन केंद्र, नाहीतर मोटारसायकलला कॅन अडकवून नाशकात घरोघरी रतीब. त्यात आता डेअऱ्या ‘शाश्वत दूध’ म्हणून योजना घेऊन गोठ्यापर्यंत येतात: मुक्तसंचार गोठा (गायी न बांधता मोकळ्या ठेवायच्या), मुरघास (हवाबंद दाबून साठवलेला हिरवा चारा), बायोगॅस, मोबाइलवर सल्ला. फलक देखणा असतो. त्यावर भाळू नका, आणि लिटरमागे रुपया-आठ आणे जास्त मिळतात एवढ्यावरही उडी मारू नका. दुष्काळाच्या वर्षी आणि दूध पडल्या भावात जातं त्या महिन्यांत कोण कसं वागतं, यावर निवड करा.

आधी दराचं बघू, कारण सगळी भांडणं तिथंच होतात. गायीच्या दुधाचा भाव 3.5 टक्के फॅट (स्निग्धांश) आणि 8.5 टक्के एसएनएफवर (फॅट आणि पाणी सोडून उरलेला घन भाग) जाहीर होतो. त्याखाली गेलात की पॉइंटला (0.1 टक्क्याला) कपात, वर गेलात की पॉइंटला वाढ, आणि ही वाढ कपातीच्या मानानं बहुतेक किरकोळच असते. म्हणून जाहीर भाव विचारू नका, छापील रेट चार्ट मागा. त्यात 3.3 आणि 8.3 समोर काय लिहिलंय ते वाचा, कारण एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायीचं उन्हाळ्यातलं दूध बरेचदा तिथंच येऊन थांबतं.

दुसरी मेख एसएनएफच्या हिशेबात आहे. लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीची) डिग्री 29 आणि फॅट 3.5 धरा. डिग्री भागिले चार, त्यात फॅटचा पाव हिस्सा आणि 0.44 मिळवले तर एसएनएफ 8.56 येतो. कुठं फॅटचा पाचवा हिस्सा आणि 0.36 धरतात, मग तेच दूध 8.31 वर येतं आणि कपातीत जातं. दूध तेच, गाय तीच. यंत्रावर मोजत असतील तर ते कशाशी जुळवलंय आणि शेवटचं कधी जुळवलं, हे विचारायला लाजू नका. धारोष्ण दूध डिग्री कमी दाखवतं, तेही ध्यानात असू द्या.

केंद्रावर एक सकाळ नुसतं उभं राहून बघा. कॅनचं झाकण काढल्यावर तिथला माणूस ढवळणी खालपर्यंत दोन-चार वेळा घालतो, की वरच्या वर माप बुडवून नमुना घेतो? दूध थोडा वेळ स्थिर राहिलं की फॅट वर येतं. न ढवळता वरून घेतलं तर आकडा फुगतो, तळाशी नळी घातली तर पडतो. काटा किलोत असेल तर लिटर कसं काढतात तेही बघा. दूध पाण्यापेक्षा जड असतं, साधारण 1.03 किलोचं एक लिटर होतं. पावती लगेच हातात पडते की वहीत ‘नंतर चढवतो’ म्हणतात, यावरूनही बरंच कळतं. या बाबतीत खासगी केंद्रं बहुधा पुढे आहेत असं मी म्हणेन: यंत्र, छापील पावती, मोबाइलवर मेसेज. चांगल्या संस्थाही तेवढ्याच चोख असतात. पण जिथं सचिवच काटा, वही आणि पेंडीचं दुकान सांभाळतो, तिथं विचारलेलं कुणाला आवडत नाही.

पगार (दुधाच्या बिलाला आपल्याकडे पगारच म्हणतात) बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी होतो. संस्थेत वर्षाअखेर दरफरक (नफ्यातून लिटरमागे मिळणारी जादा रक्कम) आणि दिवाळीची रक्कम मिळण्याची आशा असते, कारण तुम्ही सभासद असता. कंपनीत मालकी नाही, म्हणजे फरकही नाही; देते ती बोनस, आणि तो तिच्या मर्जीवर. उलट, संस्था बुडाली की थकलेला पगारही तिच्याबरोबर अडकतो.

पण कायमचं कुणीच नसतं, हे दोन्हीकडून दिसलंय. शेजारच्या जिल्ह्यात श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दूध व्यवसाय 2019 मध्ये फ्रान्सच्या लॅक्टालिसनं घेतला. सहकाराचं मोठं नाव असलेल्या महानंदचं व्यवस्थापन 2024 मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे गेलं. उद्या धनी बदलला तर करार कुणाशी राहतो, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

2024 सालानं आणखी एक गोष्ट शिकवली. भाव कोसळल्यावर सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे आधी 5 रुपये अनुदान दिलं. ऑक्टोबरपासून संघ-डेअरीनं 28 आणि सरकारनं 7 असं गणित झालं. ते पैसे मिळाले ते ज्याच्या जनावराच्या कानात बिल्ला होता, ऑनलाइन नोंद होती आणि दूध संघाला किंवा नोंदणीकृत डेअरीला जात होतं त्यालाच. रतीबवाल्याचा तिथं संबंधच नव्हता. कोणाकडेही दूध घाला, कानातला बिल्ला आणि बँक खातं यांची जोडणी आजच करून ठेवा.

आता कंपनीच्या योजनेतला खरा माल बघू. माझ्या मते त्यात सगळ्यात मोलाचा आहे मुरघास. येवला-निफाडकडे मका मुबलक. दाणा चिकात असताना, म्हणजे ताटात 30 ते 35 टक्के कोरडा भाग असताना कापून दाबून ठेवला तर 45 दिवसांनी उघडता येतो आणि उन्हाळ्यात चाऱ्यासाठी वणवण थांबते. पूर्व सिन्नरसारख्या पाण्याच्या टंचाईच्या भागात तर यावरच गोठा तगतो. कंपनी कुट्टी यंत्र, बॅगा आणि माणूस पुरवते, संस्था बहुधा फक्त गोळी पेंड देते. मात्र मुरघास किंवा पेंड उचलीवर घेतली आणि पगारातून कापू दिली, की तुम्ही बांधले जाता. उचल फिटेपर्यंत दूध दुसरीकडे नेता येत नाही, आणि भाव पाडायची वेळ आली की हीच दोरी ओढली जाते. म्हणून पहिल्या वर्षी जमेल तेवढं रोखीनं घ्या.

बायोगॅसचं गणित आपल्या जिल्ह्यात थोडं वेगळं आहे. साधारण 25 किलो शेणातून एक घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे पाच-सहा गायींच्या शेणावर घरचा स्वयंपाक सहज होतो. पण नाशकात शेणखताला द्राक्षबागायतदार ट्रॉलीनं भाव देतो, त्यामुळे ‘शेण गॅसला का घालायचं?’ हा प्रश्न घरोघरी येतोच. उत्तर असं की गॅस निघाला तरी स्लरीतला (उरलेल्या शेणकाल्यातला) नत्र बहुतांश तसाच राहतो. खत जात नाही, फक्त ते पातळ होतं आणि ट्रॉलीत भरता येत नाही. स्वतःची बाग असेल तर संयंत्र घ्याच. खत विकून घर चालत असेल तर घाई नको. आणि कंपनी त्या गॅसवर कार्बन क्रेडिट (प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणारी, विकता येणारी पत) घेणार असेल, तर त्यातला हिस्सा किती आणि कुणाच्या नावावर, हे करारात लिहून घ्या. तोंडी ‘देऊ की’ चालत नाही.

दवा-पाण्यात कंपनीचा डॉक्टर लवकर येतो, हे मान्य. पण तो सोबत एक अट घेऊनही येतो: दगडी (कासेची सूज) झाली, कासेत अँटिबायोटिकची ट्यूब भरली, की तिच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस ते दूध कॅनमध्ये घालायचं नाही. बुरशी लागलेला मका किंवा पेंड खाल्ली तर दुधात अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) उतरतं, आणि कायद्यानं मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. तपासणीत सापडलं तर टँकर परत येतो. ही कडक शिस्त मला पटते, कारण हेच दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाणार असतं. त्या दिवसांचं दूध कोणाच्या तोट्यात जातं हे मात्र आधी विचारा. चांगली कंपनी लपवत नाही.

रतीबाचं थोडक्यात. भाव सगळ्यात जास्त, पेट्रोल आणि पहाटे चारची उठबस वेगळी, सुट्टी नाही, मे महिन्यात शाळा सुटल्या की गिऱ्हाईक गावाला. अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी लागते. नाशिकपासून 15 किलोमीटरच्या आत, दोन-तीन गायी आणि घरात फिरणारं माणूस असेल तर हीच वाट. पुढे गायी वाढल्या की शिल्लक दुधाचं काय करायचं, हा प्रश्न पडतोच.

मग निवड कशी करायची? आठ-दहा गायी, रस्त्याला लागून शीतकरण केंद्र आणि पाण्याची ओढ असेल तर मी कंपनीकडे झुकेन. पण एक वेळचं दूध संस्थेत चालू ठेवेन, सभासदत्व सोडणार नाही. संस्थेची सभा वेळेवर होते, लेखापरीक्षण झालेलं असतं आणि पगार दहाच्या दहाला होतो, असं असेल तर घरचं सोडून बाहेर जायचं कारण नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे डांगी ही देशी गाय सांभाळणाऱ्यांनी यातल्या फॅट-लिटरच्या योजनेत पडूच नये: ती गाय पावसात टिकण्यासाठी आणि नांगराला बैल देण्यासाठी आहे, दुधाच्या मापानं तिचा हिशेब लावला की ती पहिल्याच वर्षी विकली जाते.