अनामत परत आली! नीटनंतरची प्रवेश पोर्टलं जून ते जानेवारी वापरून

संक्रांतीच्या आधी पासबुक भरून घेतलं तर त्यात पाच हजार रुपये जमा. केंद्राच्या काउन्सेलिंगची अनामत. ही रक्कम मी मनातून सोडून दिली होती. माझ्या मनातून रक्कम सहसा सुटत नाही, पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते मी, पण ही सुटली होती. परत आली म्हणून लिहायला बसले. ऑगस्टमध्ये लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या.

पोरीनं 2025 ची नीट, म्हणजे मेडिकल-डेंटल-व्हेटर्नरीची प्रवेश परीक्षा, दिली. 4 मेला पेपर, 14 जूनला निकाल. फिजिक्सनं त्या वर्षी भल्याभल्यांना पाणी पाजलं. मार्क सांगत नाही, विचारू नका. सरकारी एमबीबीएसला पुरत नव्हते, डेंटलच्या काठावर होते आणि व्हेटर्नरीला बरे होते, एवढं पुरे. एआयआर, म्हणजे देशातला नंबर, काय असतो, राज्याचा मेरिट नंबर वेगळा का, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठीच हे लिहितेय.

आधी तक्रार. परीक्षा एक, गुणपत्रक एक, पोरगी एक, पण खिडक्या चार. सरकारी मेडिकल-डेंटलच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात, त्या एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडे. एम्स आणि अभिमत विद्यापीठंही तिकडेच. राहिलेल्या 85 टक्के जागा राज्याच्या प्रवेश कक्षाकडे, म्हणजे सीईटी सेलकडे. व्हेटर्नरी यात कुठेच नाही. ती आपल्या माफसूकडे, म्हणजे फुटाळ्याच्या रस्त्यावर ज्यांचं मुख्यालय आहे त्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे, आणि तिचाही 15 टक्के देशपातळीचा कोटा वेगळा, तो भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे. चार लॉगिन, चार पासवर्ड, चार वेळा फी, आणि दहावीची तीच मार्कशीट चार वेळा अपलोड. नीटचा रोल नंबर टाकला की सरकारला पोरीचे मार्क कळतात, मग दहावी पास झाल्याचा पुरावा चार जणांना का द्यावा लागतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

त्यात आमच्या घरी कागद लॅमिनेट करून ठेवायची हौस. मार्कशीट, डोमिसाइल, जात वैधता, सगळं मुलीच्या बाबांनी चकचकीत प्लॅस्टिकमध्ये कोंबलेलं. मोबाइलनं फोटो काढला की ट्यूबलाइट थेट तहसीलदारांच्या सहीवर उमटायची. शेवटी गॅलरीत कपडे वाळत घालतो तिथे, सकाळी ऊन चढायच्या आत, पाटावर कागद ठेवून फोटो काढले. मग फाइल मोठी होते म्हणून लहान करा. लहान केली की गोल शिक्का शाईच्या डागासारखा दिसतो. पुन्हा मोठी करा. जूनमधलं नागपूर, कूलरची हवा कागद उडवतेय आणि आम्ही मायलेकी केबी मोजतोय.

आता मूळ मुद्दा, अनामत. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

एमसीसीच्या अखिल भारतीय कोट्याला खुल्या गटासाठी 1,000 रुपये नोंदणी फी, ती परत मिळत नाही, आणि 10,000 अनामत, ती मिळते. ओबीसी, एससी, एसटीला 500 आणि 5,000. अभिमत विद्यापीठं हवी असतील तर सगळ्यांनाच 5,000 फी आणि 2 लाख अनामत. आमच्या नात्यातले एक गृहस्थ "सावंगी टाकून तर ठेवा, टाकायला काय जातं" असं म्हणत होते. सावंगी म्हणजे वर्ध्याजवळचं अभिमत विद्यापीठातलं मेडिकल कॉलेज. टाकायला दोन लाख पाच हजार जातात, भाऊजी.

ओबीसीचे साडेपाच हजार आणि खुल्याचे अकरा हजार, हा फरक मी सोडणार नव्हते. पण इथे एक गोम आहे. राज्याच्या प्रवेशाला जे नॉन-क्रीमी लेयर लागतं (आमच्या वर्षी 31 मार्च 2026 पर्यंत वैध असलेलं लागलं), ते केंद्राला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. अखिल भारतीय कोट्यात ओबीसीला 27 टक्के आरक्षण 2021 पासून लागू झालं, तेव्हापासून या दाखल्याला किंमत आली. सेतू केंद्रात दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाका. "एक तर आहे ना, दुसरा काऊन पाहिजे?" असं तिथल्या रांगेत तुम्हाला दहा जण विचारतील. त्यांना उत्तर देत बसू नका, रांग पुढे सरकते.

तर पैसे भरायची वेळ. घराजवळ मानेवाड्याकडे एक नेट कॅफेवाला आहे, हंगामात त्याच्याकडे लगनघरासारखी गर्दी. फॉर्मचे पैसे वेगळे आणि वर म्हणतो, "पेमेंट मी माझ्या कार्डावरून मारतो मॅडम, तुम्ही कॅश द्या, सर्व्हर डाउन होते मंग तुमचे पैसे अटकतात." मी म्हटलं, अनामत ज्या खात्यातून जाते त्याच खात्यात परत येते, हे नियमात लिहिलंय. तो म्हणाला, एवढं कोण वाचतं. मी वाचते. घरी येऊन माझ्या डेबिट कार्डानं भरले, पावती छापली, साडीच्या खोक्यात ठेवली.

आमच्या समोरच्या काकूंच्या मुलाचे दहा हजार मात्र त्या कॅफेवाल्याच्याच कार्डावरून गेले होते. ते परत आले, पण त्याच्याकडे. काकू तगादा लावतायत, तो "बघतो, स्टेटमेंट आलं की सांगतो" म्हणतो. ऑनलाइन सरकारकडून पैसे वेळेवर सुटतात आणि गल्लीतल्या माणसाकडे अडकतात. हे मी उलटं धरून चालले होते.

दुसरी गोष्ट, अनामत जप्त कधी होते. पहिल्या फेरीत जागा लागली आणि गेला नाहीत तर काही बिघडत नाही. दुसऱ्या फेरीत लागली आणि गेला नाहीत तर अनामत गेली. अगदी शेवटच्या, स्ट्रे म्हणतात त्या फेरीत लागून नाही गेलात तर अनामत तर जातेच, पुढच्या वर्षीच्या नीटलाही बसू देत नाहीत. म्हणून दुसऱ्या फेरीच्या आदल्या रात्री आमच्याकडे जो प्रसंग झाला तो असा. पोरीनं पसंतीक्रमात देशभरातली सरकारी डेंटल कॉलेजं भरलेली.

"गुवाहाटीला जाशील का?"

"नाही गं, असंच टाकलंय. लागणार थोडीच आहे."

"लागलं तर?"

"तर नाही जाणार."

"मग काढ. पाच हजार झाडाला लागतात काय?"

चिडली, पण काढलं. एकेक काढत गेलो तेव्हा यादी एवढुशी राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला नेमकं कुठे जायचंय हे तिला स्वतःलाही त्याच रात्री कळलं. डेंटलची नावं काढताना तिला काहीच वाटत नव्हतं. मी गप्प राहिले. काउन्सेलिंग म्हणून पन्नास हजार घेणारे लोक धरमपेठेत आणि रामदासपेठेत बोर्ड लावून बसलेत, त्यांचं काम आमच्याकडे पाच हजारांच्या भीतीनं फुकटात झालं.

आता मत बदललेल्या गोष्टी. जुलैमध्ये ऑफिसात मी सगळ्यांना ठासून सांगत होते की पसंतीक्रमात वरती आवाक्यातलं कॉलेज टाका, नाहीतर नंबर वाया जातो. एका सहकाऱ्याची मुलगी मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला, जीएमसीला, तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं कागदावर चौकटी काढून दाखवलं. यादी मेरिट नंबरनं खाली सरकते. तुमचा नंबर आला की तुमची पहिली पसंती बघतात, तिथे जागा नसेल तर दुसरी, मग तिसरी. वर मोठं कॉलेज लिहिल्यानं खालचं हातचं जात नाही, कारण तुमच्या मागच्या नंबरवाल्याची पाळी तुमचं सगळं बघून झाल्यावरच येते. आवडीच्या क्रमानं लिहा, बस. हे कळल्यावर माझा या यंत्रणेवरचा राग निम्मा उतरला. आमच्या वेळी अर्ज घेऊन कॉलेजच्या दारात उभं राहायचं आणि "वरून फोन" असलेला पुढे जायचा. इथे वरून फोन कुणाला करणार?

दुसरं, जुन्या माणसांचे सल्ले. "आपल्याला विदर्भाचा कोटा आहे, मेयोत सहज होईल." मेयो म्हणजे नागपूरचं दुसरं सरकारी मेडिकल कॉलेज. नाही हो. मेडिकलचा तो 70:30 चा विभागीय कोटा राज्य सरकारनं 2020 मध्येच काढला. आता कोल्हापूरचा मुलगा मेयोत येतो आणि आपली पोरगी मिरजेला जाते, सगळं राज्य एका रांगेत. त्यातल्या त्यात बरं म्हणजे 2024 मध्ये राज्यात दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, त्यात आपल्याकडची गडचिरोली, भंडारा, अमरावती, वाशीम, बुलडाणा आहेत. काठावरच्या पोरांनी ही नावं पसंतीक्रमात विसरू नयेत. नवं म्हणून नाक मुरडणारे पालक मी पाहिलेत, तेच पुढे खासगीची फी बघून गप्प बसले.

याद्यांबद्दल एकच सांगते. त्या रात्री लागतात. आज, उद्या, पत्रक बदललं, परवा. यादी म्हणजे लांबलचक पीडीएफ, मोबाइलवर उघडली की मुंगीएवढी अक्षरं. रोल नंबर पाठ करून ठेवा आणि शोधायच्या चौकटीत टाका, पान पान खाली ढकलत बसू नका. मुलीचे बाबा ढकलत बसले आणि चष्म्याचा नंबर वाढला म्हणतात. तो आधीच वाढलेला होता.

राज्याच्या पहिल्या यादीत आमचं नाव नव्हतं. एमसीसीत नव्हतंच. व्हेटर्नरीच्या यादीत आलं, परभणी. म्हणजे पहा, विद्यापीठाचं मुख्यालय आमच्या फुटाळ्यावर, नागपूरचं व्हेटर्नरी कॉलेज सेमिनरी हिल्सवर 1958 पासून उभं, पोरगी लहानपणी तिथे आमच्या कुत्र्याला टोचायला घेऊन जायची, आणि नंबर लागला परभणीला. दोन दिवस घरात सुतक होतं. तिच्या नाही, माझ्या चेहऱ्यावर. ती सामान भरत होती.

कागद तपासणीला आम्ही अस्सल घेऊन गेलो. लॅमिनेशन फाडायला लागेल म्हणून मी घरूनच कात्री नेली होती, लागली नाही. टेबलावरच्या बाईंनी जात वैधता प्रमाणपत्र उजेडात धरून पाहिलं, गुण जुळवले, सही केली. कुणी चहापाण्याचं विचारलं नाही. हा माझा सगळ्यात मोठा सुखद धक्का, अनामतीच्याही आधीचा. नंतर पोरीनं सांगितलं की वर्गात मुंबई-पुण्याच्या मुलीही आहेत, आणि पहिल्या आठवड्यात म्हशीच्या मागे हात घालायला कुणीच तयार नव्हतं. ही तयार होती म्हणे. साडेपाच वर्षांचा कोर्स, इंटर्नशिप धरून. बघू.

म्हणून हिशोबानं सांगायचं तर, वाटपाच्या पद्धतीला माझ्याकडून पाचपैकी पाच. अनामत परत करण्याला साडेचार, अर्धा उशिराचा कापला. कागद अपलोड करण्याला एक, तोही आमच्या गॅलरीतल्या उन्हाला. चार खिडक्यांना शून्य. डिजिलॉकरमध्ये मार्कशीट आहे, आधार आहे, मग एकदाच टाकून चारही ठिकाणी का जाऊ नये, याचं उत्तर मिळेपर्यंत शून्यच.

पुढच्या वर्षी ज्यांची पोरं बसणार आहेत त्यांनी निकालाची वाट न पाहता मेमध्येच नॉन-क्रीमी लेयर आणि केंद्राचा दाखला काढा, आणि जात वैधता नसेल तर हे वाचणं थांबवून आधी तिचा अर्ज टाका. ज्या खात्यातून पैसे भराल ते खातं वर्षभर बंद करू नका. कार्ड हरवलं, बदललं तरी चालेल, खातं चालू हवं.

माझा हिशोब अजून मिटलेला नाही. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे, प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असला की. आधी पन्नास टक्के होतं. मेस आणि होस्टेल आपल्याच खिशातून. पण ही माफी आपोआप लागत नाही, त्यासाठी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरावा लागतो. म्हणजे पाचवी खिडकी. तिथेही दहावीची मार्कशीट मागतायत.