एअरबॅगचा दिवा विझला, पण एअरबॅग जोडलेलीच नव्हती

स्टीअरिंगचं काम झालं, डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझला, हॉर्न वाजू लागला, म्हणून बिल चुकतं करून गाडी घरी आणली. त्यानंतर कित्येक महिने घरातली सगळी माणसं त्या गाडीतून हायवेने फिरली. त्या सगळ्या काळात ड्रायव्हरची एअरबॅग कशालाच जोडलेली नव्हती. हे कळलं ते दुसऱ्या मेकॅनिकने स्टीअरिंग उघडून दाखवल्यावर. पहिल्याने हे अनवधानाने केलेलं नाही, समजून-उमजून केलंय. म्हणून सविस्तर लिहितोय.

बिघाड तसा सर्रास होणारा. आधी हॉर्न लहरीपणा करायला लागला: स्टीअरिंग सरळ असताना वाजायचा, वळवलं की गप्प. मग आवाज कमी-जास्त करायची बटणं बंद पडली. वळताना चाकाच्या आतून बारीक सळसळ ऐकू यायची. शेवटी एअरबॅगचा दिवा लागला तो लागलाच. ही सगळी लक्षणं एकत्र दिसली की बहुतेक वेळा दोष क्लॉक स्प्रिंगचा असतो. काहीजण तिला स्पायरल केबल म्हणतात. स्टीअरिंगच्या मागे एक चपटी, गोल प्लास्टिकची डबी असते आणि तिच्यात लांब, पातळ पट्टीची केबल गुंडाळलेली असते. चाक फिरेल तशी ती सैल होते आणि आवळते. हॉर्न, बटणं आणि एअरबॅग या सगळ्यांच्या तारा त्याच पट्टीतून जातात. पट्टी झिजली, तुटली, की हे सगळं एकामागोमाग बंद पडतं.

गॅरेजवाल्याने गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला. ड्रायव्हर एअरबॅगच्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त असल्याचा कोड आला. लगेच म्हणाला, ‘‘एअरबॅग गेली साहेब, तिला फुटायचा इशारा देणारं कंट्रोल युनिटपण बदलावं लागेल.’’ मी विचारलं, मग हॉर्न आणि बटणं त्याच सुमारास कशी गेली? एअरबॅगचा आणि त्यांचा संबंध येतो तो क्लॉक स्प्रिंगमध्येच. त्यावर जराही वाद न घालता तो म्हणाला, ‘‘हां, मग तीच टाकू. नवीन, ओरिजिनल.’’ एवढा मोठा खर्च सांगितलेला माणूस एका वाक्यात माघार घेतो, तेव्हा त्याने नीट तपासलेलंच नसतं. संध्याकाळी गाडी मिळाली. जुना पार्ट मागितला तर ‘‘भंगारात गेला’’. नव्याचा खोका मागितला तर ‘‘पोरांनी फेकला’’. बिलावर मात्र नवीन क्लॉक स्प्रिंग असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

काही महिन्यांनी एका अरुंद जागेत गाडी लावताना स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवलं आणि आत ‘कट्’ असा आवाज झाला. हॉर्न गेला, बटणं गेली. एअरबॅगचा दिवा मात्र लागला नाही.

या वेळी गाडी वेगळ्या मेकॅनिककडे नेली. त्याने चावी फिरवली. दिवा रोजच्यासारखा काही सेकंद लागून विझला. तो बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘दादा, पट्टी तुटली असेल तर हा दिवा लागायलाच पाहिजे. लागत नाही म्हणजे कोणीतरी त्याला गप्प बसवलाय.’’ इतकी साधी, पक्की गोष्ट. हॉर्नची तार आणि एअरबॅगची तार एकाच पट्टीत आहेत. पट्टी तुटल्यावर हॉर्न जाईल आणि एअरबॅगचं सर्किट शाबूत राहील, हे अवघडच.

त्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि काही मिनिटं नुसता थांबला. बॅटरी काढल्यावरही कंट्रोल युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज उरतो, एअरबॅग फुटावी इतका. मग एअरबॅग अलगद सोडवली. तिच्या पाठीमागचा पिवळा कनेक्टर नुसताच लोंबत होता. स्टीअरिंगच्या दांड्याखालचं कव्हर काढलं तर गाडीच्या वायरिंगच्या बाजूचा पिवळा कनेक्टर काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला. टेप उलगडली. आत एक छोटासा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रेझिस्टन्स देणारा सुटा भाग, त्याचे दोन्ही पाय कनेक्टरच्या दोन पिनांत खोचलेले.

ही युक्ती कशी चालते ते सांगतो, कारण फसवणूक तिथेच आहे. गाडीचं कंट्रोल युनिट एअरबॅगच्या सर्किटमधला रेझिस्टन्स सतत मोजत असतं. तो ठरलेल्या मर्यादेत आहे तोवर त्याच्या लेखी एअरबॅग जागेवर आहे. एअरबॅगच्या जागी तेवढाच रेझिस्टन्स ठेवला की ते फसतं. कोड येत नाही, दिवा लागत नाही, स्कॅनरही सगळं ठीक सांगतो. अपघात झाला तर युनिट फुगवण्याचा इशारा पाठवतं, आणि तो त्या रेझिस्टरमध्ये जाऊन संपतो. एअरबॅग उघडायला सेकंदाचा अगदी बारीकसा अंश मिळतो. त्या क्षणी गाडी चालवणाऱ्या माझ्या घरच्या माणसाच्या छातीसमोर काहीच उघडलं नसतं. हे लिहितानाही हात थरथरतो.

रेझिस्टर लावायची गरज का पडली, तेही उघड झालं. बसवलेली क्लॉक स्प्रिंग जुनी, कुठल्यातरी भंगारातल्या गाडीची होती. मागे मार्करने नंबर टाकलेला. तिच्यातली एअरबॅगची तार या मेकॅनिकच्या मते आधीपासूनच तुटलेली असावी, हॉर्नची तेवढी चालू. म्हणून हॉर्न तिच्यावर चालवला आणि एअरबॅगला परस्पर बगल दिली. शिवाय बसवतानाही ती मध्यावर आणलेली नव्हती. पुढची चाकं सरळ ठेवून, स्प्रिंग एका बाजूला हलकेच शेवटपर्यंत फिरवून, तिथून गाडीनुसार सांगितलेले फेरे मागे आणून खुणा जुळवायच्या असतात. नवीन पार्ट कारखान्यातूनच मध्यावर लॉक करून येतो आणि ते लॉक बसवल्यावर काढायचं असतं. मध्य चुकला की एका बाजूला केबल अपुरी पडते आणि पूर्ण वळणावर ताणून तुटते. माझ्या गाडीत नेमकं तेच झालं.

मी फोटो घेऊन पहिल्या गॅरेजवर गेलो. मालकाचं उत्तर असं: ‘‘तुम्ही दिवा घालवायला सांगितलं होतं, आम्ही घालवला.’’ बिलावरची ओळ दाखवली तेव्हा मजुरी परत देतो म्हणाला, पण रेझिस्टर लावल्याचं लिहून द्यायला तयार झाला नाही. मी पैसे घेतले नाहीत. फोटो, बिल आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल जोडून तक्रार केली आहे. तो रेझिस्टर आणि भंगारातली स्प्रिंग दोन्ही माझ्याकडे जपून ठेवली आहेत.

दुसऱ्या मेकॅनिकने सीलबंद खोक्यातला पार्ट माझ्यासमोर उघडला, त्यावरचं लॉक काढताना दाखवलं, पिवळे दोन्ही कनेक्टर ‘खट्’ करून बसल्याचं मला हात लावून बघू दिलं आणि मगच बॅटरी जोडली. ज्या गाडीत स्टीअरिंग किती वळलं ते मोजणारा अँगल सेन्सर याच भागात असतो तिथे नंतर त्याचं कॅलिब्रेशनही, म्हणजे मोजमाप पुन्हा जुळवून घेणंही, लागतं, हेही त्याने आपणहून सांगितलं. असा माणूस मिळाला तर काम त्यालाच द्या. आणि पूर्वी कुठे हे काम करून घेतलं असेल, बिल आहे पण खोका पाहिलेला नाही आणि जुना पार्ट हातात मिळालेला नाही, तर दिवा विझलाय यावर विसंबू नका. रेझिस्टर लावलेल्या गाडीत तो चावी फिरवल्यावर अगदी निरोगी गाडीसारखा लागतो आणि विझतो. जाणकाराकडून बॅटरी काढून स्टीअरिंग एकदा उघडून बघा. घरी स्वतः हात घालू नका, आणि एअरबॅगच्या पिनांना मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं मीटर, तर मुळीच लावू नका. त्याच्या बारीकशा करंटनेही ती फुटू शकते.