पाठवणीच्या वाटेवर चार कोल्ड स्पार्क मशिनं: एका लग्नसराईनंतरचं मत

तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली सराई मे अखेर संपली. या सहा-सात महिन्यांत कार्यालयं, लॉन आणि गावाकडचे मांडव, सगळीकडे पाठवणीसाठी एकच सरंजाम वापरात होता: ठिणग्यांचं कारंजं उडवणारी चार कोल्ड स्पार्क मशिनं, ती एकदम चालू-बंद करणारा त्यांचा डीएमएक्स कंट्रोलर, हाताने पिळून उडवायच्या कागदी तोफा, पाकळ्यांच्या परड्या आणि सुरुवातीला काही दिवस लांब फुलबाज्या. मशिनं ठेवण्यासारखी आहेत. फुलबाज्या काढून टाकल्या. पण फोटो बरा येतो तो पाकळ्या आणि क्रम यांमुळे, मशीनचा नंबर त्यानंतर.

आधी मशीन. बारूद नसते, टायटॅनियमसारख्या धातूचे बारीक दाणे आत तापतात आणि पंखा त्यांना ठिणग्यांच्या कारंज्यासारखं वर फेकतो. ‘कोल्ड’ या शब्दावर कोणीही भाळू नये. वर उडालेली ठिणगी लगेच निवते, पण मशीनचं तोंड भाजण्याइतकं तापतं आणि तोंडाशी अडकलेला दाणा कापडावर पडला तर भोक पाडतो. सभोवती दोन मीटरच्या आत माणूस नको, पडदा नको, झालर नको. वर छत असेल तर ठिणगीच्या उंचीहून किमान एक मीटर जास्त मोकळं हवं. कारंजं तीन मीटरवर लावायचं असेल तर बारा फुटी मांडवाखाली ते बसत नाही, हे सजावटवाल्याला आधीच सांगावं लागतं. तो आयत्या वेळी कमानीवर जॉर्जेटची झालर सोडतोच. दाण्यांनी पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. म्हणून मशिनांच्या प्रत्येक जोडीमागे वाळूची एक बादली.

विजेचा हिशेब चुकला की सगळं चुकतं. एक मशीन साधारण ६०० वॅट ओढतं, म्हणजे चार मिळून २४०० वॅट. कार्यालयाच्या भिंतीवरचा साधा ५-६ अँपियरचा पॉइंट १३०० वॅटच्या आसपास दम तोडतो. तिथे दोनच्या वर लावू नयेत. १६ अँपियरचा पॉइंट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर चारही चालतात, फक्त त्याच पॉइंटवर कोणी फोकस किंवा कूलर लावत नाही ना, ते पाहावं. गावाकडे जनरेटर लांब असतो, बारीक वायर ओढलेली असते, मग विजेचा दाब पडतो आणि चार कारंजी चार उंचीची उडतात. तापायला पाच ते आठ मिनिटं लागतात. याच वेळात लाइट जाऊन जनरेटरवर पलटी झाली की मशीन पुन्हा पहिल्यापासून तापायला बसतं. म्हणून मशीन आधीपासूनच जनरेटरवर घेतलेलं बरं, आणि नवरा-नवरी देवाच्या पाया पडायला गेली की स्विच चालू.

दाण्यांना दमट हवा मुळीच सोसत नाही. ओलसर दाणे गोळे होऊन आत अडकतात, ठिणगी मंद आणि तुटक येते. कोकणात आणि गोव्यात हा त्रास सर्वांत जास्त. फोडलेलं पाकीट पुढच्या लग्नाला वापरायचं असेल तर हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायचं. काम झाल्यावर आत उरलेले दाणे बाहेर काढून टाकायचे आणि पंखा थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही. घाईत प्लग ओढणं हे मशीन बिघडण्याचं नेहमीचं कारण.

आता मांडणी. वऱ्हाडाच्या दोन रांगा समोरासमोर, मधली वाट दोन ते अडीच मीटर, कारण कॅमेरावाला उलटा चालत असतो. माणशी अर्धा मीटर धरला तर एका बाजूला तीस माणसांना पंधरा मीटर लागतात. साठापेक्षा जास्त माणसं उभी केली की वाट लांबते आणि शेवटच्या माणसांपर्यंत जोडपं पोचेतो त्यांच्या मुठीतल्या पाकळ्या संपलेल्या असतात. दोन्ही बाजूंना झेंडूची माळ दोरीसारखी धरायला लावली तर मोबाइल घेऊन वाटेत घुसणारे मामा-काका थोडेतरी आवरतात. पूर्ण कोणी आवरत नाही.

मशिनं रांगेच्या शेवटच्या माणसापासून तीन मीटर पुढे, वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, समोरासमोरच्या मशिनांत पाच मीटर अंतर. जोडपं त्यांच्यामधून जाताना ती बंदच. तीन मीटर पुढे जमिनीवर रांगोळीची खूण; तिथे जोडपं थांबतं आणि मगच कारंजी सुरू होतात. पेटत्या कारंज्यांमधून चालणं दिसायला भारी वाटतं, पण पदर कुठे उडेल त्याचा भरवसा नाही. शिवाय ठिणग्या पुढे असल्या तर चेहरे झाकतात. मागे असल्या तर फेटा आणि खांदे उजळून निघतात. पंधरा-वीस सेकंद पुरे.

पाकळ्या आणि ठिणग्या एकत्र उडवा, असा आग्रह बहुतेक घरांतून होतो. तो मानू नये. हवेतली पाकळी फोटोत गोठवायला कॅमेऱ्याचं शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद लागतं. ठिणगीची रेघ उमटायला १/१२५च्या आसपास. एका वेळी एकच साधतं. म्हणून वाटेवर पाकळ्या, खुणेपाशी ठिणग्या. अंधार पडल्यावर लेन्सचं तोंड एफ/२.८, कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ १६००, आणि एका बाजूने मऊ उजेडाचा एक दिवा एवढ्यावर काम होतं. व्हिडिओवाल्याचा समोरून मारलेला फोकस बंद ठेवायला सांगायचा, नाहीतर ठिणग्या फिक्या पडतात. सर्वांत उत्तम वेळ सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं, आकाश अजून निळं असताना. पुण्यात डिसेंबरात ती सहानंतर लगेच येते, मेमध्ये सातनंतर. दुपारच्या मुहूर्ताची पाठवणी चारला होत असेल तर मशीन भाड्याने घेऊच नये; उन्हात ठिणगी दिसत नाही.

पाकळ्यांचं प्रमाण: गुलाबाची एक मूठ आठ-दहा ग्रॅमची. साठ जणांना दोन-दोन मुठी म्हणजे एक ते सव्वा किलो. देठ, हिरवा भाग काढून, ओलावा पुसून, सावलीत टोपलीत ठेवायच्या. पाणी शिंपडलेल्या पाकळ्यांचे गठ्ठे होतात आणि त्या डोक्यावर चिखलासारख्या बसतात. झेंडू स्वस्त आणि फोटोत ठसठशीत, पण ओला झाला की पांढऱ्या-मोतिया शालूवर पिवळा डाग सोडतो. गुळगुळीत फरशीवर दोन्ही घसरतात, हे हाय हीलवाल्यांना आधी सांगावं. फेकायचं ते वर, तोंडावर नाही. मुलांच्या हाती अक्षता देऊ नयेत, जवळून मारलेला तांदूळ डोळ्याला लागतो.

कागदी तोफा फक्त पातळ टिश्यू कागदाच्या. चमकी फॉइलच्या नकोत. ती विजेच्या जोडणीवर पडली तर धोका, आणि लॉनमधून वेचता येत नाही म्हणून अनामत रक्कम कापली जाते. ऐरणीच्या झालीत, म्हणजे वरपक्षाच्या डोक्यावर टोपली धरण्याच्या विधीत, पेटते दिवे असतील तर टोपली खाली उतरेपर्यंत कागद आणि पाकळ्या दोन्ही बंद.

फुलबाज्यांचं दुखणं पेटवण्यात आहे. चाळीस जणांच्या फुलबाज्या एकीवरून दुसरी पेटवत शेवटच्या माणसापर्यंत जायला मिनिटाच्या वर लागतं, तोवर पहिल्यांच्या विझत आलेल्या असतात. तार हजार अंशांच्या घरात तापते आणि शेजारी नायलॉनची साडी. सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या निकालानुसार लग्नातही हरित फटाकेच चालतात, तीही पंचाईत.

क्रमाबद्दल एक मत ठाम झालं आहे. पाकळ्या, ठिणग्या, आणि मग गाडीपाशी खरी पाठवणी. उलट केलं की आई लेकीच्या गळ्यात पडून रडत असते आणि मागे कारंजं उडतं. फोटोत ते क्रूर दिसतं. वडीलधारे कुरकुरतात, त्यांना हे फोटो दाखवले की ऐकतात. रडण्याच्या वेळी जवळ एकच कॅमेरा, दिवा बंद. गाडी तिरकी लावलेली, हेडलाइट बंद, एसी चालू, नवरीच्या बाजूचं दार मोकळं. सनई किंवा बँड स्पीकरवर हवा असेल तर हे सगळं रात्री १०च्या आत, कारण त्यानंतर लाउडस्पीकर बंद.

पावसाळ्यासाठी मशिनं पूर्ण रिकामी करून, ब्रशने तोंड साफ करून ठेवली आहेत. उघडी पाकिटं पुढच्या सराईत वापरायची नाहीत. दिवाळीआधी ताजी आणून घराच्या गच्चीवर एकदा चाचणी घ्यायची.