गरमीच्या पुड्या

पुड्यांवर साडेआठ हजार घातले हे घरी अजून कुणाला माहीत नाही. चट्ट्याचं मात्र बायकोला सांगावंच लागलं.

लिंगावर एकच चट्टा होता. कडा टणक, दाबलं तरी दुखेना. जांघेत अवधाण आलेलं, तेही न दुखणारं. सरकारी दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटेल या भीतीनं हायवेकडेच्या तंबूतल्या ‘खानदानी वैद्या’कडे गेलो. त्यानं लांबूनच बघितलं, “गरमी आहे, हा गुप्तरोग मुळासकट काढतो” म्हणाला आणि भस्माच्या पुड्या बांधून दिल्या. महिन्याभरात चट्टा भरून आला. मी इतका खूश, की कंपनीतल्या मित्रालाही तिकडे धाडलं.

मित्राचं दुखणं वेगळंच. पाण्याच्या बारीक फोडांचा झुपका, फुटले की नुसती आग, लघवीला गेलं की डोळ्यांत पाणी. पुड्या मात्र त्याच! त्याचेही फोड सुकले, दोन महिन्यांनी त्याच जागी परत आले. वैद्य म्हणे, “पथ्य मोडलंत.”

तोवर माझ्या तळहाता-तळपायांवर तांबूस डाग उठले. खाज नाही, दुखणं नाही. शेवटी जिल्हा रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक, म्हणजे लैंगिक आजारांचा सरकारी दवाखाना गाठला. व्हीडीआरएल ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह. सिफिलिस, म्हणजे संभोगातून लागणारा रोग.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हा चट्टा काहीच औषध न घेता ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरतो. जंतू अंगातच राहतात. म्हणजे रोगानं लपायचं आणि वैद्यानं बिल फाडायचं! मित्राचं हर्पीस, हाही लैंगिक रोगच, पण विषाणूचा. तेही आपसूक सुकतं आणि उलटतं. मऊ, दुखरा, घाण तळाचा व्रण आणि जांघेत पिकणारी गाठ असली तर शांक्रॉइड या आणखी एका लैंगिक रोगाचा संशय घेतात, पण तो हल्ली क्वचितच दिसतो. “आणि नुसतं बघून मीही छातीठोक सांगणार नाही,” म्हणत त्यांनी एचआयव्हीचंही रक्त घ्यायला लावलं. ते निगेटिव्ह निघालं.

बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, २४ लाख युनिट, कुल्ल्यावर. एकदाच. फुकट.

बायकोचं रक्त तपासलं, तीही पॉझिटिव्ह. तिला कधी काही दिसलंच नव्हतं. बायकांत चट्टा आत असला तर कळत नाही. तिलाही इंजेक्शन दिलं. गरोदर असती तर रोग बाळापर्यंत जाऊ शकला असता, हे ऐकून ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

मित्राला मीच क्लिनिकला नेलं, त्याला असायक्लोव्हिर हे हर्पीसचं औषध मिळालं. लाज वाटत असेल तर आधी १०९७ या एड्सच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, नाव सांगावं लागत नाही.

तंबू पावसाळ्याआधीच उठला. आता बायपासला तसाच एक लागलाय, बोर्डावरचं नाव तेवढं वेगळं आहे.