दोन लोड बॅलन्सर: सगळे व्हीआयपी एकाच ग्रुपमध्ये की दोन ग्रुपमध्ये वाटून?

"दुसरा बॉक्स नुसता बसून आहे, अर्धे व्हीआयपी त्याच्यावर टाकूया" असं टीममध्ये कोणीतरी म्हणतंच. ठरवायच्या आधी दोन्ही बाजू नीट बघा. (लोड बॅलन्सर म्हणजे येणारी ट्रॅफिक मागच्या सर्व्हरांवर वाटणारा बॉक्स, व्हीआयपी म्हणजे त्याच्यावरचा युजर ज्याला जोडतो तो आयपी पत्ता, आणि ग्रुप म्हणजे एका बॉक्सवरून दुसऱ्यावर एकत्र हलणारे पत्ते.)

एकच ग्रुप ठेवला तर काम सोपं. एफफाइव्हमध्ये (हा विकत मिळणारा लोड बॅलन्सर) तुम्ही काही बदललं नाही तर पत्ते ट्रॅफिक-ग्रुप-वनमध्येच जातात, कीपअलाइव्हडमध्ये (हे लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) एका व्हीआरआरपी इन्स्टन्समध्ये सगळे आयपी लिहायचे (व्हीआरआरपी म्हणजे पत्ते कुठल्या बॉक्सकडे हे बॉक्सनी आपसात ठरवायचा प्रोटोकॉल). बॉक्स पडला की सगळं एकत्र दुसरीकडे जातं आणि रात्री तीनला कुठला आयपी कुठे बसलाय हे शोधत बसावं लागत नाही.

दोन ग्रुप केले तर दोन्ही बॉक्स कामाला लागतात हे खरं, पण एक पडला की दुसऱ्यावर सगळाच लोड येणार, म्हणजे प्रत्येकाला साधारण 50 टक्क्यांच्या खालीच ठेवावं लागतं. मग कपॅसिटी वाढली कुठे? कीपअलाइव्हडमध्ये वरून दोन वेगळे राउटर आयडी सांभाळायचे (प्रत्येक इन्स्टन्सचा नंबर, 1 ते 255 मधले, त्या व्हीलॅनवर दुसऱ्या कोणी वापरलेले नकोत) आणि प्रायॉरिटी (जास्त ज्याची, पत्ते त्याच्याकडे) उलटसुलट लावायची, एकात हा मोठा तर दुसऱ्यात तो. फेलओव्हरचा (पडलेल्या बॉक्सचे पत्ते दुसऱ्याने घ्यायचा) वेळ मात्र दोन्हीकडे तेवढाच, अ‍ॅडव्हर्ट ("मी चालू आहे" हा निरोप) 1 सेकंदाला आणि बॅकअपची प्रायॉरिटी 100 असेल तर साधारण 3.6 सेकंद.

एफफाइव्हवाल्यांनी एक लक्षात ठेवा, ग्रुप लागतो तो व्हर्च्युअल अ‍ॅड्रेसला, व्हर्च्युअल सर्व्हरला (आयपी आणि पोर्ट मिळून) नाही. एकाच आयपीवर 80 आणि 443 असतील तर ते सोबतच हलणार, वेगळे करता येत नाहीत.

आणि खरी गोची परतीच्या रस्त्याची. आम्ही एकदा एक व्हीआयपी दुसऱ्या ग्रुपमध्ये हलवला, पण मागच्या सर्व्हरांचा गेटवे असलेला फ्लोटिंग सेल्फ आयपी (बॉक्सचा स्वतःचा, पण ग्रुपसोबत हलणारा पत्ता) पहिल्याच ग्रुपमध्ये राहिला आणि स्नॅट (युजरच्या पत्त्याऐवजी बॉक्सचा पत्ता लावून पुढे पाठवणं) नव्हतं. दोन्ही बॉक्सवर टीसीपीडम्प (पॅकेट बघायचं टूल) लावून बसलो तर दुसऱ्या बॉक्सवरून सिन (कनेक्शन सुरू करायचं पॅकेट) जाताना दिसतोय आणि सिन-अ‍ॅक (सर्व्हरचं त्याला उत्तर) पहिल्या बॉक्सवर येऊन पडतोय, त्याच्याकडे ते कनेक्शनच नाही म्हणून ड्रॉप. दीड तास गेला. तेव्हापासून ग्रुप पाडायचाच असेल तर व्हीआयपी, त्याचा स्नॅट पत्ता आणि त्याचा गेटवे हे तिन्ही एकाच ग्रुपमध्ये टाकतो, कीपअलाइव्हड असेल तर बाहेरचा आणि आतला इन्स्टन्स सिंक ग्रुपमध्ये बांधतो, म्हणजे एक हलला की दुसराही हलतो.

फेलबॅकचंही बघा. दोन ग्रुपमध्ये पडलेला बॉक्स परत आला की त्याचा ग्रुप त्याच्याकडे न्यायलाच लागतो, नाहीतर वाटणीला अर्थ नाही, म्हणजे युजरला दुसरा झटका. एका ग्रुपमध्ये नोप्रीएम्प्ट लावा, म्हणजे परत आलेला बॉक्स पत्ते हिसकावून घेत नाही (दोन्हीकडे स्टेट बॅकअप ठेवून) आणि जिथे आहे तिथे राहू द्या.

माझं मत: दोनच बॉक्स असतील तर एक ग्रुप. तीन असतील तर मात्र वाटा, दोघांवर एकेक ग्रुप आणि तिसरा दोघांचा स्टँडबाय, मग दोन्ही चालू बॉक्स 50 च्या वर नेले तरी एक पडल्यावर चालतं.